पाच पैशांवरचा जांभळा शिक्का

तिकीटसंग्रहाचं मूल्यांकन करायला गेलं की वारसांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "१९४८ चं गांधीजींचं दहा रुपयांचं तिकीट आहे का, बघा ना." ते नसलं की घरच्यांचा उत्साह मावळतो. माझं खरं काम त्यानंतर सुरू होतं, कुणी उघडूनही न पाहिलेल्या पानांत.

अलीकडे एका तालुक्याच्या गावी एका दिवंगत शिक्षकांचा संग्रह पाहिला. शेवटच्या पानांवर त्यांनी 'लेबलं' असं लिहून ठेवलं होतं, म्हणजे टपाल तिकिटांत न मोडणारे कागद. क्षयरोग निवारणाची सीलं, काडेपेट्यांचे छाप आणि त्यांच्यातच एक पाकीट नि सहा सुटी तिकिटं. कुटुंब नियोजनाचं पाच पैशांचं नेहमीचं किरमिजी तिकीट, त्यावर जांभळ्या शाईत तिरका उमटलेला रबरी शिक्का : इंग्रजीत 'रेफ्युजी रिलीफ'. त्यातल्या पहिल्या 'आर'चा पाय तुटलेला. माझ्याआधी येऊन गेलेल्या एका व्यापाऱ्याने सांगितलं होतं, "बनावट लेबलं आहेत, टाकून द्या." शिक्षकांची मुलगी म्हणाली, "काका, टाकू का?"

मी म्हटलं, हातही लावू नका.

१९७१ साली पूर्व बंगालमधून जवळजवळ एक कोटी निर्वासित भारतात आले. त्यांच्या मदतीसाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून बहुतेक टपालावर पाच पैशांचं जादा तिकीट लावणं सक्तीचं झालं. ते मार्च १९७३ अखेरपर्यंत चाललं. यासाठी खास काढलेलं तिकीट आलं १ डिसेंबरला. मधल्या पंधरवड्यात भागवायचं कसं? कुटुंब नियोजनाच्या तिकिटावर दोन भाषांत मजकूर छापून घेतला गेला आणि काही ठिकाणी सरळ स्थानिक शिक्के मारले गेले. कॅटलॉगांत बेंगळुरू, जयपूर अशी मोजकी नावं सापडतात. शिक्का वेडावाकडा आहे म्हणून तिकीट खोटं ठरत नाही. या पंधरवड्याची माहिती नसलेल्या माणसाने 'टाकून द्या' म्हणावं याचा मला संताप येतो. असे किती पुरावे चुलीत गेले असतील!

पाकीट पाहताच मन भरून आलं. डाव्या बाजूला वीस पैशांचं नॅट विमानाचं तिकीट, शेजारी हे पाच पैशांचं, आणि दोन्हींवर मिळून पोस्टाचा एकच काळा ठसा : २४ नोव्हेंबर १९७१. दोनच दिवसांपूर्वी बंगालच्या सीमेवर, बोयऱ्याच्या आकाशात आपल्या हवाई दलाच्या याच नॅट विमानांनी पाकिस्तानची सेबर लढाऊ विमानं पाडली होती. भिंगाखाली जांभळी रेघ काळ्या ठशाच्या खाली जाताना स्पष्ट दिसली. म्हणजे तिकिटावर आधी शिक्का, मग टपाल. याबद्दल मला शंका नाही.

अडलं ते सुट्या सहांपाशी. पाकिटावरचं तिकीट सुटं करायचं तर ते पाण्यात भिजवतात. शिक्क्याची जांभळी शाई सहसा पाण्यात विरघळते. अक्षरांभोवती गुलाबीसर धूसर कड येते, कधी रंग मागे झिरपतो. चार तिकिटांवर नेमकं तसंच होतं. उरलेल्या दोघांवर पोस्टाचे ठसे होते, पाठी स्वच्छ, डिंकाचा मागमूस नाही, म्हणजे ती नक्की भिजलेली. तरीही जांभळी अक्षरं करकरीत! काळा ठसा त्या अक्षरांना कुठेच छेदत नव्हता, त्यामुळे भिंगाचा उपयोग शून्य. आणि 'आर'चा पाय त्यांच्यावरही तसाच तुटलेला.

शिक्का तोच, पण मारला कधी? मुलगी सहज म्हणाली होती, "बाबा रोज संध्याकाळी पोस्टात जाऊन बसायचे. पोस्टमास्तर त्यांचे दोस्त." हे ऐकल्यापासून डोक्यात दोन शक्यता भांडतायत. संग्राहक मित्रासाठी कुणीतरी जुन्या, आधीच भिजवून सुट्या केलेल्या तिकिटांवर नंतर शिक्का उमटवून दिला असेल. किंवा मधे पॅडवर वेगळी, पाण्याला दाद न देणारी शाई घातली असेल. छोट्या पोस्टात जी बाटली हाताशी, ती ओतली जायची.

मुलीला पहिली शक्यता सांगितली तेव्हा तिचा चेहरा उतरला. "म्हणजे बाबांनी खोटं केलं?" मी सांगितलं, त्यांनी ती विकायला काढली नाहीत, तिकिटांच्या पानावर मिरवलीही नाहीत, लेबलांत ठेवली. माझ्या लेखी संग्राहकाचा प्रामाणिकपणा यातच दिसतो. पण एवढ्यावर तिकीट अस्सल ठरवता येत नाही.

अहवालात पाकीट अस्सल लिहिलं, चार तिकिटं 'बहुधा अस्सल', दोन अनिर्णित. मुलीला सगळ्यांचं प्रमाणपत्र हवं होतं, ते दिलं नाही. त्याच पोस्टातून त्या पंधरवड्यात निघालेलं दुसरं पाकीट मिळालं, जांभळा शिक्का पाण्याचा थेंब लागूनही करकरीत आणि काळा ठसा त्यावरून गेलेला, तर निदान शाईचा प्रश्न सुटेल. गावातल्या जुन्या दुकानदारांची नावं मी तिच्याकडून लिहून घेतली आहेत. हिशेबाच्या तारेला टोचलेली पाकिटं अजून कुणाच्या माळ्यावर असतील, तर ती भिजवायच्या आधी मला बघायची आहेत.