धरणाच्या वरची नदी

पुणेकराला क्युसेक, म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, शिकवावा लागत नाही. खडकवासला धरणातून किती सोडलं, भिडे पूल पाण्याखाली गेला का, या दोन प्रश्नांवर अख्खा जुलै जातो. पण हा सगळा नळाचा हिशेब झाला. कोलाडची कुंडलिका नदीही त्यातलीच. मुळशी धरणाचं पाणी १९२७ पासून घाटाखाली भिऱ्याच्या वीजगृहात उतरतं, टर्बाइन फिरवून पुढे कुंडलिकेत जातं, म्हणून तिथे उन्हाळ्यातही राफ्ट चालतात.

कयाक, म्हणजे दुतोंडी वल्ह्याची अरुंद होडी, घेऊन आपल्या मनाने वाहणारी नदी शोधायची तर पुण्यातून पश्चिमेला, धरणांच्याही वर जावं लागतं. मुळेवर मुळशी, मुठेवर टेमघर, मोशीवर वरसगाव, आंबीवर पानशेत, पवनेवर पवना. यांच्या फुगवट्याच्या, म्हणजे धरणाने मागे साठवलेल्या पाण्याच्या, वर जे काही किलोमीटर उरतात, तेवढीच नैसर्गिक प्रवाहाची नदी. तिथे नळ नाही, फक्त पाऊस आहे. बहुतेकांचा अंदाज चुकतो तो इथेच. ते पाऊस किती पडला ते बघतात, कधी पडला ते बघत नाहीत.

एक हिशेब करून बघा. एक चौरस किलोमीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १००० घनमीटर पाणी. पाणलोट, म्हणजे जिथलं पाणी या नदीत येतं तो भाग, ४० चौरस किलोमीटर, तीन तासांत ५० मिलिमीटर पाऊस, आणि त्यातलं ६० टक्के वाहून आलं असं धरलं, तर १२ लाख घनमीटर झाले. ते सहा तासांत निघून गेलं तर सरासरी ५५ क्युमेक (सेकंदाला ५५ घनमीटर), म्हणजे साधारण १९५० क्युसेक. खडकवासल्याच्या बातम्यांपुढे आकडा किरकोळ वाटतो, पण बारा मीटर रुंदीच्या पात्रात तो राक्षसी असतो. आणि सरासरी म्हणजे शिखर नव्हे, मधला तासभर याच्या दुप्पटही असू शकतो.

जूनच्या पहिल्या सरींत हे ६० टक्के लागू होत नाहीत. तापलेली जमीन, भेगाळलेली खाचरं आधी आपली तहान भागवतात. जुलैच्या मध्यावर मातीचा पातळ थर चिंब झाला की खालचा काळा कातळ फारसं काही पोटात घेत नाही, आणि तोच पाऊस दुप्पट वेगाने नदीत येतो. उतरतंही तसंच. सर थांबली की काही तासांत नदी दगडांवर येते. सप्टेंबरातल्या दुपारच्या गडगडाटी सरी त्याहून लहरी. काठावर ऊन आणि वर डोंगरात ढग फुटलेला, असं सर्रास होतं.

हवामान खात्याचा रोजचा आकडा सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असा २४ तासांचा असतो. त्यातले १५० मिलिमीटर दिवसभर झिरपले की पहाटे तीन तासांत कोसळले, हे त्या आकड्यात दिसत नाही. त्यासाठी रडारची चित्रं बघायची. आणि शिवाजीनगरच्या पावसावरून ताम्हिणी घाटाकडचा अंदाज बांधायचाच नाही. पेठेत रिमझिम असते तेव्हा तिकडे वायपर पुरत नाहीत.

काठावर पोचलात की बोट गाडीवरच राहू द्या. पाण्याच्या कडेला एक काटकी रोवा, पंधरा मिनिटांनी बघा. पाणी काटकी ओलांडून वर सरकत असेल तर चहा घ्या. कातळावर पाण्याच्या वर ओला, काळपट, धुतलेला पट्टा दिसला तर नदी उतरतेय. वाळकी पानं, काटक्या, एखादी चप्पल तरंगत येतेय आणि काठचं कोरडं गवत पाण्यात झुकतंय, तर ती चढतेय. आमचा नियम साधा आहे: उतरत्या पाण्यावरच उतरायचं. चढत्या पाण्यात वरून पाहून ठेवलेली धार खाली पोचेपर्यंत बदललेली असते.

प्रवाह मोजायला संत्रं लागतं, सालासकट. काटकीला वारा ढकलतो, संत्रं बरंचसं बुडून पाण्याच्याच वेगाने जातं. सरळ पात्रात २० मीटर अंतर आखा. १० सेकंदांत गेलं तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला २ मीटर. तळाशी पाणी हळू चालतं म्हणून ०.८५ ने गुणा, १.७ आले. रुंदी १२ मीटर, सरासरी खोली ०.८ मीटर धरली तर सुमारे १६ क्युमेक, म्हणजे ५७५ क्युसेक. तीन वेळा टाका, सरासरी घ्या. पुलाच्या खांबावरची पातळी आणि हा आकडा वहीत लिहून ठेवा. दोन मोसमांनंतर नुसता खांब पाहून बोलता येतं.

कमी पाण्यात बोट घासते आणि दोन दगडांत आडवी अडकते, तेही निरुपद्रवी नाही. पण खरा धोका भरल्या पाण्यात. खडकामागच्या एडी, म्हणजे मागे वळणाऱ्या संथ पाण्याच्या जागा, पुसल्या जातात, थांबायला जागा उरत नाही, आणि पाणी काठच्या करंज-उंबरांत शिरतं. फांद्यांतून पाणी गाळून जातं, माणूस अडकतो. करंजाची पानं पाण्याला लागलेली दिसली की आमचा दिवस तिथेच संपतो.

निसर्गापेक्षा सिमेंट वाईट. गावाकडचा पाइप टाकलेला फरशी पूल सगळ्यात घातकी. पाणी फरशीखाली असतं तेव्हा ते पाइपात खेचतं, आत ओंडका असेल तर सुटका नाही. फरशीवरून जायला लागलं की खालच्या अंगाला काठापासून काठापर्यंत सरळ रेषेत उलटं फिरणारं पाणी तयार होतं. वरून ते गुळगुळीत, निरागस दिसतं. नैसर्गिक भोवऱ्याला कुठेतरी कड असते, तिथून निसटता येतं. याला कड नसते, ते बोट परत भिंतीकडे ओढत राहतं. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे ढापे (पाणी अडवायच्या फळ्या) पावसाळ्यात काढलेले असतात, पण दोन खांबांच्या गाळ्यात झाड अडकलेलं असू शकतं. दोन्ही ठिकाणी आधीच काठाला लागून बोट खांद्यावर घ्यायची, लाज वाटायचं कारण नाही. शिवाय शेतीपंपाच्या केबली, खाचरांच्या काटेरी तारा, आणि पहिल्या पावसात चढणीच्या माशांसाठी लावलेली जाळी. ती कापू नका, गावात विचारून घ्या. आडव्या तारा कुठे आहेत हे गुराख्याला नकाशापेक्षा जास्त ठाऊक असतं.

हेल्मेट, लाइफ जॅकेट, शिट्टी, सुरी, १५ ते २० मीटरची तरंगती दोरी, आणि किमान तिघे जण. पाण्यात पडलात तर वाहत्या धारेत उभं राहू नका. रांजणखळग्यांच्या कातळात पाय अडकला की पाणी पाठीवरून माणसाला पालथं दाबतं. पाठीवर तरंगा, पाय पुढे आणि वर. जिल्हाधिकारी पावसाळ्यात धरण-धबधब्यांच्या परिसरात पाण्यात उतरायला बंदीचे आदेश काढतात, ते निघण्याआधी बघा.

शेवट फुगवट्यात होतो. धरण रिकामं असताना, जूनअखेरीस, तिथे मांडीपर्यंत चिखल असतो, बोट ओढत अर्धा तास जातो. ऑगस्टात धरण भरत आलं की शेवटचे एक-दोन उतार पाण्याखाली गडप होतात आणि संथ पाण्यात वल्हवत राहावं लागतं. म्हणून बाहेर पडायची जागा धरणाच्या टक्केवारीवर ठरवायची, आणि दुसरी गाडी त्याच ठिकाणी सकाळीच लावून ठेवायची.