आर-१७ फुटला (आणि २०५ चं भूत उतरलं)

आर-१७, म्हणजे सतरा वेळा १ लिहून होणारी संख्या, फुटला एकदाचा, त्याचे अवयव सापडले! काल रात्री साडेअकराला भागाकाराच्या ‘बाकी’ कॉलममधे शून्य दिसलं, के = ६०९३३, म्हणजे भाजक ३४ × ६०९३३ + १ = २०७१७२३. पण लगेच उड्या नाही मारल्या, कारण ते २०५ प्रकरण डोक्यात होतं.

झालं असं की आर-११ आणि आर-१३ जुन्या शीटवर आरामात निघाले होते (२१६४९ गुणिले ५१३२३९ अजून तोंडपाठ आहे), म्हणून सतरा वेळा १ तसाच सेलमधे टाकला आणि ३४के+१ वाले भाजक (आर-१७ चा मूळ संख्या असलेला भाजक याच रूपाचा असतो) खाली ओढले, तर के = ६ लाच, म्हणजे २०५ ला, बाकी शून्य! भागाकार पण किती देखणा, ५४२००५४२००५४२०. पण शेवटी १ असलेल्या संख्येला ५ वर संपणारा आकडा भागेलच कसा? तीन संध्याकाळी फॉर्म्युले तपासण्यात गेल्या, मग सहज त्या सेलवर क्लिक केलं तर शेवटचे दोन १ गायब, तिथे ००. शीट १५ च अंक धरते आणि पुढचे गुपचूप शून्य करते, साधी वॉर्निंग पण नाही, ह्याचा मला खरंच राग आला. फोनच्या ब्राउझरमधे टाकून बघितलं तर तिथे शेवटी २! २ चा ५३ वा घात ओलांडला की विषम संख्या तिथे मावतच नाही.

उपाय शेवटी शाळेतलाच, लांब भागाकार. अख्खी संख्या कुठेच ठेवायची नाही, आधीची बाकी गुणिले १० अधिक १, परत बाकी, असे सतरा कॉलम. लॅपटॉप रडायला लागला, कारण वर्गमूळापर्यंत जायचं तर ३१ लाख ओळी. तेव्हा सुचलं की १० च्या १७ व्या घाताला भाजकाने भागलं की बाकी १ येते, म्हणजे बाकीच्या हिशोबात १० हा (१० चा ९ वा घात) याचा वर्ग झाला, म्हणजे भाजकाला ४० ने भागून बाकी १, ३, ९, १३, २७, ३१, ३७, ३९ यातलीच हवी. वीसातले आठच के उरले! ६०९३३ पर्यंत जेमतेम २४ हजार ओळी झाल्या.

दुसरा अवयव ५३६३२२२३५७. गुणाकार वहीवर केला, सतराच्या सतरा १ ओळीने उतरले, ते पान फाडून भिंतीवर लावलंय. आणि हा मूळ संख्या आहे का ते वेगळं तपासावंच लागलं नाही, त्याचं वर्गमूळ ७३ हजारांच्या आसपास आणि तिथपर्यंतचे सगळे भाजक आधीच होऊन गेलेले.

पुढे देवळालीच्या गणिती कापरेकर मास्तरांच्या डेमलो संख्या (नुसत्या १ च्या संख्यांचे वर्ग) घेणार होतो, पण नऊ १ चा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१, त्यात फोडायला काही उरतच नाही, ३, ३७, ३३३६६७ की संपलं. आर-१९ तर मूळच आहे. म्हणून हे टाइप करता करता आर-२९ लावलाय, भाजक ५८के+१, कॉलम २९... थांबा, के = ५५ ला शून्य आलं, ३१९१! शेवटी १ आहे, ४० ने बाकी ३१, सगळं बसतंय. वही घेतो.