वरीलप्रमाणे

शुक्रवार. दिवस १४. रात्रीचे सव्वादहा.

बीज वाढतंय का ते बघायला गेले होते, मूल व्हावं म्हणून चाललेल्या उपचारातली सोनोग्राफी. आज कार्डावर काही लिहिलंच गेलं नाही. वरच्या ओळीखाली दोन बारीक रेघा, पुढच्या रकान्यात परत दोन, त्याच्या पुढच्यात परत दोन. डिट्टो. वरीलप्रमाणे. आणि ‘मुंदिनवरु बर्री’ म्हणत सिस्टरनं पुढच्या बाईला आत बोलावलं.

एवढंच. कुणी वाकडं बोललं नाही, कुणी ताटकळत ठेवलं नाही. तरी पिरनवाडी सुटल्यापासून गणेबैल येईपर्यंत खिडकीकडं तोंड करून बसले होते. शक्ती योजनेचं, बायकांना बस फुकट असते ते शून्य रुपयांचं तिकीट मुठीत भिजून त्याचा गोळा झाला. माईंना फोनवर ‘अजून वेळ आहे म्हणाले’ एवढंच सांगितलं. रविवारच्या ओटीभरणाचं त्यांनी काढलं नाही. मीही नाही.

ते कार्ड आता समोर आहे. पोस्टकार्डापेक्षा थोडं मोठं, घडीवर मऊ पडलेलं. पाच रकाने: तारीख, पाळीचा दिवस, उजवी ओव्हरी, डावी ओव्हरी, ईटी. ईटी म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तराची जाडी. सोमवार, दिवस १०: एमएसएफ, एमएसएफ, ४.८. बुधवार, दिवस १२: एमएसएफ, एमएसएफ, ५.१. आज त्याच्या खाली रेघा. एमएसएफ म्हणजे मल्टिपल स्मॉल फॉलिकल्स, पुष्कळ बारीक बीजपुटिका. हवं असतं ते डीएफ, डॉमिनंट फॉलिकल. सगळ्यांना मागं टाकून पुढं गेलेली एकच पुटिका, आणि तिच्यापुढं मिलिमीटरचा आकडा.

दूधवाल्याच्या वहीतही अशाच रेघा असतात. पहिल्या तारखेला ‘१ लि.’ आणि खाली महिनाभर डिट्टो. तिथं त्या रेघांचा अर्थ दूध आलं असा होतो. रोज आलं. म्हणूनच बहुतेक आज त्या इतक्या लागल्या. चार दिवस पोटात काय चाललंय ह्याकडं कान लावून बसायचं, सकाळी सव्वासातची बस धरायची, लघवी करून मूत्राशय रिकामं करून त्या टेबलावर पाय वर घेऊन झोपायचं (पोटावरून करतात त्या सोनोग्राफीला भरलेलं मूत्राशय लागतं, आतून करतात तिला रिकामं, पहिल्या वेळी हे कुणी सांगितलं नव्हतं आणि मी लिटरभर पाणी पिऊन गेले होते), आणि त्यावर उत्तर काय, तर कालच्यासारखंच.

‘कालच्यासारखंच’ हे लिहायलाही जड जातंय.

मग म्हटलं, नुसतं रडण्यापेक्षा एकदा नीट मांडावं, काय होत नाहीये आणि का.

माझा आजार पीसीओएस, पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम. त्याच्या नावातच गफलत आहे. सिस्ट म्हणतात त्या गाठी नसतातच. दर महिन्याला बीजपुटिकांचा एक जथा वाढायला निघतो. दोनपासून नऊ मिलिमीटरपर्यंत सगळ्या बरोबर येतात. तिथून एकीनं पुढं जायचं, बाकीच्यांनी विरून जायचं, हा रिवाज. पुढं जायला एफएसएच नावाचं संप्रेरक लागतं आणि ते ठरावीक पातळीच्या वर जावं लागतं. आमच्याकडं ते त्या पातळीच्या जरासं खालीच रेंगाळतं. बीज सुटायचा इशारा देणारं एलएच जास्त, इन्सुलिन जास्त, त्या दोघांच्या रेट्यानं ओव्हरीत पुरुषी संप्रेरकं जास्त. शिवाय ह्या बारक्या पुटिका एएमएच नावाचं आणखी एक संप्रेरक सोडतात आणि ते एफएसएचचा जोर आणखी कमी करतं. म्हणजे गर्दीच गर्दीला वाढू देत नाही. वाफ्यात दाटीनं उगवलेली भाताची रोपं असतात तशी: सगळी हिरवीगार, सगळी जिवंत, आणि एकही पोटरीला येत नाही.

जिवंत आहेत, हे मला स्वतःला बजावायला हवं. एमएसएफ म्हणजे रिकामं नव्हे.

गोळीचा हा पहिलाच महिना होता. लेट्रोझोल २.५ मिलिग्रॅम, तिसऱ्या दिवसापासून सातव्यापर्यंत, रोज एक. खडेबाजारातल्या दुकानात पोरानं डबी हातात देताना विचारलं होतं, ‘घरात पेशंट कोण आहे, अक्का?’ आतला कागद वाचल्यावर त्याचा प्रश्न कळला. त्यावर स्तनाच्या कॅन्सरचं लिहिलेलं असतं, तेही पाळी गेलेल्या बायकांसाठी. मूळ औषध त्याचंच. शरीरात पुरुषी संप्रेरकापासून इस्ट्रोजेन बनवणारं अरोमाटेज नावाचं एन्झाइम असतं, ते ही गोळी काही दिवस थोपवून धरते. मेंदूला वाटतं इस्ट्रोजेन संपत आलं, म्हणून तो एफएसएच वाढवतो. आमची सगळी अडचण त्या एफएसएचचीच, म्हणून ही गोळी. आपल्या देशात २०११ मध्ये वंध्यत्वासाठी तिच्यावर बंदी आली होती, २०१७ मध्ये उठली. बाळाला व्यंग येईल अशी भीती होती, पुढच्या मोठ्या अभ्यासांत ती खरी ठरली नाही. गोळी पाचच दिवसांची, आणि साधारण दोन दिवसांत तिचं अंगातलं प्रमाण निम्म्यावर येतं, त्यामुळं गर्भ रुजायच्या वेळेपर्यंत ती जवळजवळ निघून गेलेली असते. ह्याच कामाची जुनी गोळी क्लोमिफेन ह्याहून फार रेंगाळते आणि काही जणींचं अस्तर पातळ करते. २०१४ मध्ये अमेरिकेतला ७५० बायकांचा अभ्यास छापून आला. पीसीओएस असलेल्या ह्या बायकांना पाच पाळ्यांपर्यंत गोळ्या दिल्या होत्या. लेट्रोझोलवाल्यांपैकी २७.५ टक्क्यांना मूल झालं, क्लोमिफेनवाल्यांपैकी १९.१ टक्क्यांना.

हा आकडा मी किती वेळा वाचलाय. २७.५. पाच पाळ्यांत. म्हणजे पहिल्या पाळीत पहिल्याच मात्रेवर काही झालं नाही, तर त्यात जगावेगळं काय? हे डोक्याला कळतं. कार्डावरच्या रेघा बघितल्या की कळेनासं होतं.

आणि मग मनात येतं ते नेहमीचं. वजन ६८, त्याचे पाच टक्के म्हणजे ३.४ किलो, तेवढे उतरले तरी काही जणींचं बीज आपोआप सुटायला लागतं म्हणतात. चार महिन्यांत दोन उतरले. म्हणजे माझंच चुकलं? श्रावणी सोमवारी साबुदाणा खाल्ला तो? साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, उपवासाच्या नावाखाली साखर झटकन चढते, हे माहीत असून खाल्ला, कारण ताटात वाढला होता आणि तिथं बसून कारण सांगायला नको वाटलं. इन्सुलिनसाठी घेते ती मेटफॉर्मिनची दुपारची गोळी त्या दिवशी पोटात जेवण नाही म्हणून चुकवली. ती भरल्या पोटीच घ्यायची, नाहीतर मळमळ आणि जुलाब. आठवड्याला ५०० ५०० नं वाढवत १५०० पर्यंत आणली तेव्हा कुठं पोटानं ऐकलं. (दीर्घ परिणामाची गोळी असली तर तिचं रिकामं टरफल कधीकधी शौचातून अख्खं पडलेलं दिसतं. औषध आत गेलेलं असतं. तेव्हाही मी घाबरले होते.) पण बारीक अंगाच्या बायकांनाही पीसीओएस असतो. माझ्या शेजारी बाकावर बसते ती निपाणीची मुलगी जेमतेम ४५ किलोची असेल, आणि तिचंही कार्ड असंच. एका वाटी साबुदाण्यानं बीजपुटिका अडत नाही. लिहून ठेवते, एका वाटी साबुदाण्यानं अडत नाही.

ह्यांचा रिपोर्ट नॉर्मल आला होता. तो कागद त्यांनी घडी करून कपाटात ठेवला आणि पुढं...

जाऊ दे.

जेवणं झाल्यावर पिशवी रिकामी करताना सोनोग्राफीचा फोटो सापडला. नेहमी मी तो न बघताच फाईलला लावते. काळ्या गोळ्यांची माळ दिसते, कडेकडेनं, मधला भाग पांढुरका. आज त्यातल्या एका गोळ्यावर दोन्ही बाजूंनी बारीक अधिकची चिन्हं होती आणि खाली कोपऱ्यात आकडे: ९.१, ८.४. म्हणजे सोनोग्राफी करणाऱ्या बाईनं मोजलं होतं! दोन्ही दिशांनी मोजतात आणि सरासरी धरतात. ८.७५. दहाच्या आत असलं की कार्डावर आकडा येत नाही, सगळं एमएसएफमध्येच जातं.

सोमवारचा फोटो शोधला. त्यावर चिन्हं नव्हती, काही मोजलेलंच नव्हतं. त्यामुळं ही ८.७५ वाढून झालीये की पहिल्यापासून तेवढीच होती, हे सांगता येत नाही. मघाशी दहा मिनिटं मी ती वाढतेय असंच धरून चालले होते. नऊ मिलिमीटर ह्या गर्दीतही असतात, हे वरच लिहिलंय मी. दहा ओलांडली की ती निवडली गेली म्हणायचं. मग ती रोज साधारण दोन मिलिमीटरनं वाढते, १८ ते २२ वर पिकते, अस्तर सात-आठच्या पुढं जाऊन तीन रेघांचं दिसायला लागतं, आणि तेव्हा फोडायचं इंजेक्शन. तिथपासून ३६ तासांच्या आसपास बीज सुटतं. ते इंजेक्शन म्हणजे एचसीजी, प्रेग्नन्सीच्या पट्टीवर जे उमटतं तेच. अंगातून निघून जायला दहा दिवस, कधी चौदाही लागतात, म्हणून त्याआधी पट्टी लावली तर खोटी दुसरी रेघ येते. ओव्हुलेशनच्या पट्ट्यांचंही असंच: आमचा एलएच मुळातच वर, त्यामुळं बीज सुटायचं नसतानाही पट्टी हो म्हणते. डब्यातल्या उरलेल्या सात पट्ट्या आज काढून टाकल्या.

हे सगळं पुढचं. आत्ता दहाच्या आत आहोत.

पण म्हणूनच डॉक्टरांनी पुढचं लगेच सांगितलं, आणि ते मी त्या रेघांच्या नादात नीट ऐकलंच नव्हतं. चिठ्ठी जेवणानंतर उघडून वाचली. पूर्वी असं झालं की तो महिना सोडून द्यायचे. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देऊन पाळी आणायची, गोळ्या बंद केल्यावर दोन ते सात दिवस वाट बघायची, मग तिसऱ्या दिवसापासून वाढीव मात्रा, मग परत दहाव्या दिवशी स्कॅन. तीन-चार आठवडे त्यातच जायचे. आता पुटिका वाढलेली नाही हे स्कॅनवर पक्कं असलं की पाळी न आणता त्याच चक्रात मात्रा दुप्पट करतात आणि आठवड्यानं परत बघतात. एक पायरी चढायची. ५ वर नाही झालं तर ७.५. गर्भ नाही ह्याची खात्री आधी करून घेतात, कारण दिवस राहिलेले असताना ही गोळी चालत नाही.

म्हणजे आज बीज सुटलेलं नसणं, पुटिका पुढं गेलेली नसणं, ह्याच्यावरच आजची चिठ्ठी उभी आहे. बारा मिलिमीटरची एखादी अर्धवट असती तर थांबून बघा म्हणाले असते.

आणि घाईही नको, हे बाकावर बसून बसून शिकलेय. गोळ्यांनंतर इंजेक्शनं येतात, थेट एफएसएचची, ३७.५ किंवा ७५ युनिटपासून, दबकत दबकत वाढवायची. कारण आमच्या ओव्हरीत पातळीच्या खाली सगळं शांत आणि जरासं वर गेलं की सगळ्याच एकदम धावतात. तीनचार मोठ्या झाल्या तर जुळ्या-तिळ्यांच्या भीतीनं तो महिना रद्द करावा लागतो. त्याहून जास्त झालं तर पोटात पाणी भरतं: पोट ताठ होतं, वजन दिवसात किलोभर वाढतं, लघवी कमी होते, दम लागतो. तसं झालं की सकाळची वाट न बघता जायचं. ज्या पुटिका आज हलत नाहीत म्हणून मी रडले, त्या सगळ्या एकदम हलल्या तर काय होतं ते त्या निपाणीच्या मुलीला विचारावं. म्हणून एकेक पायरी. हे मला पटलंय, आज रात्री तरी पटलंय.

त्या रेघांबद्दल अजून वाईट वाटतंच. सकाळपासून तीस-चाळीस जणी जातात त्या टेबलावरून, तिनं तरी प्रत्येकीचं किती लिहायचं, हे मला समजतं. तिचा हात दुखत असेल. तरी एकदा ‘एमएसएफ’ लिहिलं असतं, ५.१ परत ५.१ म्हणून लिहिलं असतं, तर मला कुणीतरी बघितलं असं वाटलं असतं. त्या फोटोवरची चिन्हं बघितल्यावर तेवढंही मागणं उरलं नाही खरं तर. मोजलं होतं तिनं.

कार्डावर मी काही लिहीत नाही, ते त्यांचं आहे. इथं लिहिते.

दिवस १४. उजवी ९.१ × ८.४. डावी बारीक. ईटी ५.१.

लेट्रोझोल २.५ च्या दोन गोळ्या जेवणानंतर साडेनऊला घेतल्या. मंगळवारपर्यंत रोज तेवढ्याच. डोकं दुखलं, अंगात कढत वाफा आल्या तर पाणी आणि झोप. रविवारी जायचं झालं तर गोळ्या पर्समध्ये.

पुढचा शुक्रवार, दिवस २१: स्कॅन. सव्वासातची बस.