पदवीचे गुण मिळतात, अनुभवाचे काय?

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या गुणवत्ता विभागात मी काम करतो आणि नव्या नेमणुकांसाठी आलेले अर्ज वाचणे, मुलाखतींना बसणे हेही आता माझ्या कामात येते. चाकण, भोसरी, सातपूर, वाळूज इथल्या कारखान्यांत आठ-दहा वर्षे काढून कॅनडाला आलेल्या अभियंत्यांचे अर्ज त्यांत नेहमी असतात. या मंडळींना सर्वांत मोठी चिंता असते ती आपल्या पदवीची. माझे निरीक्षण असे, की पदवी बहुतेक वेळा तरून जाते आणि किंमत उतरते ती अनुभवाची.

सरकारी गुणपद्धतीतच हा फरक दिसतो. कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करणाऱ्या कुशल कामगारांची गुणांनुसार क्रमवारी लावणाऱ्या, जानेवारी २०१५ पासून चालू असलेल्या एक्स्प्रेस एन्ट्री पद्धतीत मान्यताप्राप्त संस्थेकडून पदवीचे मूल्यमापन करून घेतले, की एकट्याने अर्ज करणाऱ्याला बॅचलर पदवीसाठी १२० आणि मास्टर्ससाठी १३५ गुण मिळतात. पदवी पुण्याची असो वा टोरंटोची, हे मूळ गुण तेच राहतात, कॅनडात शिकलेल्याला वर थोडे जादा गुण मिळतात एवढेच. अनुभवाचा हिशेब मात्र वेगळा आहे. कॅनडातल्या एका वर्षाच्या कामाला ४० आणि पाच वर्षांना ८० गुण आहेत, तर भारतातल्या दहा वर्षांना स्वतंत्रपणे एकही गुण नाही. भाषेच्या चांगल्या गुणांशी किंवा कॅनडातल्या कामाशी जोड मिळाली तरच ती वर्षे मोजली जातात आणि तीही मर्यादेतच. याच देशाच्या कुशल कामगार योजनेत पात्रता ठरवताना कोणत्याही देशातल्या सहा वर्षांच्या अनुभवाला पूर्ण १५ गुण दिले जातात. म्हणजे दारातून आत घेताना जो अनुभव पुरेसा मानला, तोच आत आल्यावर रांग लावताना बाजूला ठेवला जातो.

मूल्यमापनाच्या अहवालाबद्दलही एक गैरसमज आहे. विद्यापीठातून सीलबंद ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सर्व विषयांच्या गुणांचा अधिकृत उतारा, मिळवण्यासाठी खेटे घालून लोक तो अहवाल आणतात आणि तो मालकापुढे ठेवला की काम झाले, असे समजतात. तो अहवाल मुख्यतः सरकारसाठी असतो. आमच्याकडे तो आजवर कोणी मागितलेला मला आठवत नाही. ज्यांना अभियंत्याचा परवाना काढायचा आहे त्यांच्यासाठी पदवीचा तपशील नक्कीच महत्त्वाचा ठरतो. अभियांत्रिकीच्या पदव्यांना देशोदेशी परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत २०१४ मध्ये पूर्ण सदस्य झाला, पण त्याचा लाभ राष्ट्रीय मानांकन मंडळाने पहिल्या श्रेणीत मान्यता दिलेल्या, म्हणजे प्रामुख्याने स्वायत्त संस्थांच्या, अभ्यासक्रमांनाच मिळतो. विद्यापीठाला संलग्न असलेल्या महाविद्यालयांतून शिकलेले आपल्याकडचे असंख्य अभियंते त्यात बसत नाहीत. हे प्रवेश घेतानाच विचारून घ्यावे. कारखान्यातल्या बहुतेक नोकऱ्यांना मात्र परवाना लागत नाही.

मग अनुभवाचेच का अडते? टोरंटो विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ फिलिप ओरिओपोलस यांनी हजारो काल्पनिक अर्ज खऱ्या जाहिरातींना पाठवून केलेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. शिक्षण आणि काम दोन्ही कॅनडातलेच दाखवले असतानाही इंग्रजी नावाच्या अर्जांना भारतीय, चिनी किंवा पाकिस्तानी नावाच्या अर्जांपेक्षा सुमारे ४० टक्के अधिक प्रमाणात मुलाखतीची बोलावणी आली. परदेशातल्या अनुभवापेक्षा कॅनडातल्या अनुभवाला मालक कितीतरी जास्त वजन देतात, हेही त्यातून दिसले. यात पूर्वग्रह आहे आणि तो तसा म्हटलाच पाहिजे. ऑन्टारिओच्या मानवाधिकार आयोगाने २०१३ मध्येच सांगितले होते, की ‘कॅनडातला अनुभव हवा’ अशी सरसकट अट सकृद्दर्शनी भेदभाव ठरते. अभियंत्यांच्या परवान्यासाठी किमान एक वर्ष कॅनडात काम केलेले असण्याची अट मे २०२३ मध्ये रद्द झाली. १ जानेवारी २०२६ पासून २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकांना या प्रांतात जाहीर जाहिरातीत ती अट लिहिण्यास मनाई आहे. जाहिरातीतून अट गेली हे चांगलेच झाले, परंतु अर्ज चाळणाऱ्याच्या मनातून ती काढणे कायद्याला जमणारे नाही.

तिथे उमेदवाराच्या हातात काही गोष्टी उरतात. नाशिकहून आलेल्या एका उमेदवाराच्या अर्जात ‘गुणवत्तेशी संबंधित सर्व कामांची जबाबदारी’ एवढेच वाक्य होते आणि माझे सहकारी तो अर्ज बाजूला ठेवण्याच्या बेतात होते. मी आग्रह धरला म्हणून त्याला बोलावले. ब्रेकच्या एका भागावर बर (कापताना कडेला उरणारी धातूची धार) राहिल्याची ग्राहकाची तक्रार आली, तेव्हा काय केले, असे विचारताच तो माणूस खुलला. गोदामातला आणि वाटेतला माल त्याच दिवशी अडवून तपासला, तिसऱ्या पाळीत इन्सर्ट (मशीनवरचे बदलता येणारे कापण्याचे टोक) ठरलेल्या नगांपेक्षा जास्त चालवला जातो हे मशीनजवळ उभे राहून शोधले, नगमोजणी लावून घेतली, एट-डी अहवाल, म्हणजे दोषाचे कारण आणि उपाय आठ टप्प्यांत मांडणारा अहवाल, लिहिला आणि नव्याने पीपॅप, म्हणजे भागाच्या उत्पादनाला ग्राहकाची मंजुरी घेण्याची कागदपत्रे, सादर करून ग्राहकाची सही मिळवली. आयएटीएफ १६९४९ हे मोटार उद्योगातले गुणवत्तेचे आंतरराष्ट्रीय मानक सातपूरलाही तेच आहे आणि इथेही तेच. समोर बसलेल्या व्यवस्थापकाला त्या क्षणी कळले, की हा आपलेच काम करत आला आहे. अर्जात यातला एक शब्दही नव्हता.

मालकाला वाळूज किंवा भोसरी ठाऊक नसते, कंपनीचे नाव ऐकलेले नसते आणि तिथला ‘सीनियर इंजिनीअर’ नेमके काय करतो हे त्याला समजत नाही. म्हणून माल कोणत्या ग्राहकाला जात होता, दिवसाला किती नग निघत, हाताखाली किती माणसे होती, रिजेक्शन किती होते आणि किती झाले, हे अर्जात आकड्यांनिशी यावे. दुसरी अडचण खात्रीची. आपल्याकडचे अनुभवपत्र बहुधा पद आणि तारखा यांपलीकडे जात नाही, चौकशीच्या ईमेलला उत्तर येत नाही आणि साडेनऊ-साडेदहा तासांच्या फरकामुळे फोनही लागत नाही. भारत सोडण्यापूर्वीच कामाचे स्वरूप सांगणारे पत्र लेटरहेडवर घ्यावे आणि आपल्याविषयी मोकळेपणाने बोलू शकतील अशा दोन माजी वरिष्ठांची तयारी करून ठेवावी. ते कंपनी सोडून गेले असले तरी चालते.

नोकरी मिळाल्यावरही एक बाब राहते. नाशिकच्या त्या उमेदवाराला आम्ही घेतले, पण त्याची दहा वर्षे वेतनश्रेणी ठरवताना तीन वर्षांइतकीच धरली गेली. ते मला तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही. अशा वेळी रुजू होण्यापूर्वीच सहा महिन्यांनी श्रेणीचा फेरविचार होईल, असे नियुक्तिपत्रात लिहून मागावे. पहिली नोकरी हातची जाईल या भीतीने आपली माणसे हे विचारायला कचरतात. मी मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूला बसून सांगतो, की एवढे विचारले म्हणून आम्ही कोणाची नेमणूक मागे घेतलेली नाही, आणि ज्यांनी लिहून घेतले त्यांचा फेरविचार खरोखरच झाला आहे.