कामठीच्या शिपायाचं लग्न आयर्लंडच्या रजिस्टरात

आमच्या घराण्याचा मूळ पुरुष आयरिश शिपाई होता, हे मौद्याकडच्या आमच्या गावात लहान पोरालाही माहीत आहे. कामठीच्या छावणीत आला, इथंच वारला, पुढं त्याच्या नातीनं एका मराठी ख्रिस्ती मास्तराशी लग्न केलं अन् तिथून आमची शाखा. त्याचं नाव, त्याची पलटण, सगळं आत्याला तोंडपाठ. पण त्याची बायको कोण, कुठली, विचारलं की म्हणायची, "काय माहीत बाप्पा, सगळे गोरी बुढी म्हणत." हे मला फार लागायचं. एवढा समुद्र ओलांडून आलेली बाई, अन् घरात तिचं नावही उरू नये?

धानाचे रोवणे आटोपले की रात्री मोबाईल घेऊन हेच शोधत बसायचो. ज्याला विचारावं तो म्हणे आयर्लंडचे कागद जळाले, सोडून दे. जळाले हे खरंच आहे, ३० जून १९२२ ला तिथल्या यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्स या कोर्टाच्या आवारातलं पब्लिक रेकॉर्ड ऑफिस उडालं, १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचे बहुतेक कागद अन् चर्च ऑफ आयर्लंडची अर्ध्याहून जास्त जुनी रजिस्टरं त्यात गेली. पण कॅथलिक चर्चची रजिस्टरं तिथं नव्हतीच, ती ज्या त्या गावच्या चर्चमध्ये होती. अन् सरकारी लग्न नोंदणीचं खातंही वेगळं, ते वाचलं. ही नोंदणी कॅथलिक सोडून बाकीच्यांसाठी १८४५ पासून अन् कॅथलिकांसाठी १८६४ पासून आहे, आमचे लोक कॅथलिक, म्हणजे लग्न १८६४ नंतरचं असेल तर सापडायला पाहिजे.

अडचण वेगळीच होती. त्याचं नाव इतकं कॉमन की त्या नावाचे नवरदेव पानंच्या पानं भरून निघत. बायकोचं माहेरचं आडनाव मिळाल्याशिवाय पुढं सरकताच येत नव्हतं, अन् ते आयर्लंडमध्ये नाही, कामठीतच मिळालं. चर्चच्या फादरनं जुनं बाप्तिस्म्याचं रजिस्टर काढून दिलं, पानं पिवळी, कडा कुरतडलेल्या, लॅटिनमध्ये लिहिलेलं, पण पोराच्या नावापुढं बाप अन् आई दोघांची नावं, आईचं माहेरच्या आडनावासकट. मी तिथंच आत्याला फोन लावला, ती कितीतरी वेळ बोललीच नाही, मग म्हणे, "पुन्हा सांग."

ज्यांना चर्चमध्ये मिळत नाही त्यांच्यासाठी एक सांगतो, कामठी नागपूरच्या बाजूला असली तरी १८२१ ला छावणी बसली तेव्हापासून पुष्कळ वर्षं तिथली फौज मद्रासची. म्हणून लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत तिथले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं बंगाल किंवा मुंबईच्या नाही, मद्रासच्या खात्यात पाहावी लागतात. हे माहीत नसलं की माणूस उगाच फिरत राहतो.

मग आयरिश सरकारच्या जिनिऑलॉजी वेबसाईटवर दोघांची नावं टाकली, पैसे लागत नाहीत, रजिस्टरच्या पानाचा फोटोच उघडतो. शिपायाचं लग्न पलटणीच्या गावी शोधण्यापेक्षा नवरीच्या गावी शोधावं, बहुतेक लग्नं तिच्याच चर्चमध्ये होत. आयर्लंडच्या किल्डेअर परगण्यातल्या नेस या नोंदणी जिल्ह्यात, १८७३ च्या नोंदींत ते दोघं होते!

पान डोळ्यासमोर आहे अजून. त्याच्या रकान्यात वय 'फुल एज', म्हणजे एकवीस पूर्ण, नेमकं किती ते नाही. बॅचलर. धंदा सोल्जर. राहणार कर्रा कॅम्प, म्हणजे किल्डेअरमधली फौजेची छावणी. तिच्या रकान्यात स्पिन्स्टर, म्हणजे बिनलग्नाची, धंदा सर्व्हंट, म्हणजे कोणाच्या तरी घरी कामाला होती. शेवटच्या रकान्यात दोघांच्या बापांची नावं, तिचा बाप लेबरर, मजूर. अन् खाली तिच्या नावाजवळ फुली, 'हर मार्क'. हे पान ऑफिसनं केलेली नक्कल आहे, फुली कारकुनाच्या हातची, पण तिला सही येत नव्हती एवढं त्यातून कळलं. त्या काळात शिपायाला लग्नासाठी साहेबाची परवानगी लागे, अन् पलटणीतल्या मोजक्याच बायकांना सरकारी जागा अन् रेशन मिळे, बाकीच्या पलटण निघाली की मागंच राहत. तिला सोबत यायला मिळालं म्हणून आम्ही इथं आहोत, हे मला त्या पानापुढं बसल्यावर कळलं.

आता तिच्या बापाचं गाव शोधून राहिलो. नॅशनल लायब्ररी ऑफ आयर्लंडनं २०१५ पासून जुनी कॅथलिक रजिस्टरं फुकट ऑनलाईन ठेवली आहेत, साधारण १८८० पर्यंतची, त्यात तिचा बाप्तिस्मा पाहायचा आहे, अन् १८४७ ते १८६४ मधल्या ग्रिफिथ्स व्हॅल्यूएशनमध्ये, म्हणजे घर-जमिनीच्या कर आकारणीच्या यादीत, बापाच्या नावावर झोपडीभर जागा तरी लागली होती का, तेही. कामठी, सीताबर्डीकडच्या कोणाच्या घरी जुने बाप्तिस्म्याचे कागद असतील तर आईचं माहेरचं आडनाव आधी पाहा, अन् अडलं तर मला कळवा, लॅटिनची पानं वाचायला मी मदत करतो.