गरम बर्फ : पावसाळी बॅचची नोंद

‘गरम बर्फ’ म्हणतात त्या सोडियम अ‍ॅसिटेटची बॅच जमली. ५८ अंशांना वितळणारा हा क्षार २९ अंशांच्या खोलीत रात्रभर पातळ राहिला आणि कणभर बी (त्याच क्षाराचा घट्ट स्फटिक) पडताच काही सेकंदांत गोठून कडक, गरम झाला.

माप : ४ टक्क्यांचं पांढरं सिंथेटिक व्हिनेगर १ लिटर, खायचा सोडा ५६ ग्रॅम. भांडं स्टीलचं, अ‍ॅल्युमिनियम नको. सोडा चमच्याचमच्याने घाला, नाहीतर फेस ओट्यावर. फसफस थांबली की सोडाही थांबवा. माडाच्या सुरेचं व्हिनेगर मात्र विंदालूलाच ठेवा. आटवताना त्याचा रंग आणि बाकीचा ऐवजही दाट होत जातो, शेवटी तपकिरी चिकटा उरतो.

खरा वेळ खातं ते आटवणं. लिटरभर पाणी ३० वरून १०० अंशांवर न्यायला सुमारे २९० किलोज्यूल लागतात, त्याची वाफ करायला २२६०. म्हणून उकळी पटकन येते आणि मग तासभर काही घडल्यासारखं वाटत नाही.

थांबायचं कुठे? ‘साय धरली की गॅस बंद’ हा सल्ला सगळे देतात, पण पंख्याखाली साय लवकर धरते आणि फसवते. त्यापेक्षा वजन करा. वरच्या मापातून साधारण ९१ ग्रॅम सजल क्षार (स्फटिकात पाणी धरलेला) मिळतो. रिकाम्या भांड्याचं वजन आधी टिपून ठेवा. आतला ऐवज १०० ग्रॅमवर आला की उतरवा. ९१ च्या खाली गेलात तर निर्जल (पाणी गेलेला) क्षार तळाशी पांढरा बसतो; चमचाभर गरम पाण्याने तो पुन्हा विरघळतो. १३० वरच थांबलात तर बी टाकल्यावर नुसता पळीवाढा चिखल.

बाटलीत ओतल्यावर कडांना लागलेले थेंब थोड्या गरम पाण्याने आत उतरवा आणि लगेच झाकण लावा. काठावर वाळलेला एक कण जरी आत पडला तरी निवता निवताच सगळं गोठतं. आपोआप गोठलेल्या बहुतेक बॅचचं कारण हेच.

बी जपणं ही आपल्याकडची खास अडचण. जून-जुलैच्या हवेत उघड्या स्फटिकाला पाणी सुटतं. छोटी हवाबंद डबी पुरे; सिलिका जेल नको, ते स्फटिकातलं पाणीही ओढून घेतं.

गोठलेला गोळा पुन्हा वापरायचा तर बाटली उष्णता सोसणारी हवी. झाकण सैल करून ती उकळत्या पाण्यात उभी ठेवा. बहुतेक भाग वितळला म्हणून घाईने काढू नका. एकही कण उरायला नको, म्हणून झाकणाच्या आतली बाजूही उजेडात धरून बघा.