उलटी करून बघ!

बस सुटली तेव्हा उजाडायचं होतं आणि निम्म्या लोकांच्या मांडीवर टॉर्च होते. खिडकीशी बसलेले काका भिंग पुसत होते. मागच्या सीटवरचा बारा वर्षांचा छोटू, आमच्या क्लबातला सगळ्यात लहान सभासद, हातातली यादी पुन्हा पुन्हा मोठ्यानं वाचत होता. खेळण्यातल्या छोट्या गाड्या जमवणारे आम्ही चौदा जण, जुन्या खेळण्यांच्या बाजाराला निघालेले. त्यातले दोघं तसे परके : एक ताई पत्र्याची खेळणी जमवतात, आणि एक दादा काडेपेट्या. काडेपेटीवाल्या दादांचा क्लबाशी संबंध काय, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. पण बसचं आरक्षण तेच करतात.

तीन तासांच्या प्रवासात काकांनी नियम सांगितला. तो ते दर वर्षी सांगतात. पहिल्या फेरीत पाकीट काढायचं नाही. आणि गाडी हातात आली की आधी उलटी करून बघायची. "तोंड सगळ्यांचंच गोड असतं. खरं काय ते बूड सांगतं."

हॉलमध्ये शिरल्यावर हा नियम पाळणं किती अवघड आहे ते कळतं. टेबलांच्या लांबच लांब रांगा. काही विक्रेते काचेच्या पेट्यांत एकेक गाडी दागिन्यासारखी मांडतात, काही जण बुटांच्या खोक्यात शंभर गाड्या ओतून मोकळे होतात. माझा जीव दुसऱ्या प्रकारात रमतो. काचेमागच्या गाडीबद्दल विक्रेत्याला सगळं माहीत असतं, खोक्यातल्या गाडीबद्दल कदाचित तुम्हाला जास्त माहीत असेल. एका कोपऱ्यात एचओ मापाची, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाची रेल्वे धावत होती, बोगद्यासकट. गर्दी तिथंच जास्त. आम्ही ती वळसा घालून ओलांडली, कारण तिथं थांबलेला माणूस दुपारपर्यंत हलत नाही.

छोटूचा पहिला शोध पाचव्या मिनिटाला लागला. धापा टाकत आला, मुठीत एक हॉट व्हील्स. "काका, १९६९ ची आहे! खाली कोरलंय!" काकांनी गाडी घेतली, उलटी केली आणि त्याच्याच हातात परत दिली. "चाकं बघ." चाकं साधी काळी होती. हॉट व्हील्स १९६८ मध्ये बाजारात आल्या तेव्हा त्यांच्या टायरांवर बारीक लाल रेघ असायची आणि ती १९७७ पर्यंत टिकली. तळावरचं साल साच्याच्या कॉपीराइटचं असतं, गाडी त्या साली बनली असं त्यातून सिद्ध होत नाही. एकच साचा वर्षानुवर्षं चालतो, साल तेच राहतं. छोटूचा चेहरा पडला. मी त्याला सांगितलं नाही की वयाच्या तिशीत मीही अशाच एका गाडीला सहा महिने देव्हाऱ्यासारखं जपलं होतं.

मग डिंकी. युद्धापूर्वीची एक गाडी काचेच्या पेटीत होती, हिरवा रंग अगदी ताजा. डिंकीच्या गाड्या १९३४ पासूनच्या, मेकॅनो कंपनीच्या. आमच्या छंदातलं जुनं घराणं. मी विक्रेत्याला विचारून गाडी हातात घेतली. जरा जडच वाटली. उलटी केली आणि टॉर्च तिरका धरला. दारांखालून मडगार्डापर्यंत केसाइतक्या बारीक भेगा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या, आणि मागचा भाग किंचित फुगलेला. याला आम्ही 'जस्ताचा रोग' म्हणतो. ओतीव मिश्रधातूतल्या जस्तात शिशाचा अंश राहिला की धातू आतून पोखरतो, फुगतो, तडकतो, आणि एक दिवस हातात भुगा येतो. दमट हवेत हे आणखी लवकर होतं. इलाज नाही. वरून नवा रंग दिला की दोन-चार वर्षं कुणाला कळत नाही, म्हणून ताज्या रंगाचा मला संशयच येतो. मी गाडी दोन्ही हातांनी जपून परत ठेवली. तुटली असती तर ती माझ्याच नावावर लागली असती.

ताईंच्या टेबलापाशीही तोच खेळ चालला होता, फक्त भाषा वेगळी. पत्र्याच्या खेळण्याचे दोन भाग जोडायला पत्र्याच्याच जिभा खाचेतून काढून वाकवलेल्या असतात. ती जीभ एकदा वाकली तर ठीक. पुन्हा सरळ करून वाकवली की वळणावर पांढरी रेघ उमटते, रंग तडकतो. म्हणजे खेळणं कुणीतरी उघडलंय, आतली स्प्रिंग बदलली असेल. ओतीव गाडीत हीच चुगली तळ जोडणारा रिव्हेट करतो. डोकं घासून, भोक पाडून मागाहून स्क्रू बसवलेला दिसला की समजायचं, ऑपरेशन झालंय. ताई चिमुकल्या चावीच्या अस्वलाला पालथं घालून इतक्या तन्मयतेनं तपासत होत्या की विक्रेत्यानंच हळूच विचारलं, "डॉक्टर आहात का?"

दुसऱ्या फेरीत मी नियम मोडला. तोही उलटं बघण्याचा.

पिवळ्या पुठ्ठ्याच्या डिंकीच्या खोक्यात एक लॉरी होती. गाडी मी नीट तपासली, भेगा नाहीत, रिव्हेट शाबूत. खोकं मात्र तपासलं नाही. या धंद्यात खोक्याला गाडीइतकाच, कधी जास्त भाव असतो. कारण सोपं आहे : गाडी मुलं सांभाळायची, खोकं त्याच दिवशी फाडायची. बसमध्ये परत आल्यावर काकांनी दुसरा टॉर्च काढला, अतिनील प्रकाशाचा. जुना पुठ्ठा त्याखाली मळकट, निस्तेज राहतो. हल्लीच्या कागदात शुभ्रता आणणारी रसायनं असतात, ती निळसर चमकतात. माझं खोकं ट्यूबलाइटसारखं पेटलं. नव्यानं छापलेलं. विक्रेता खोटं बोलला नव्हता, मी विचारलंच नव्हतं, आणि त्यानं सांगितलं नाही. राग कुणावर काढायचा हे ठरेना, म्हणून खोकं पायाखाली ठेवलं.

पण दिवस अगदीच वाया गेला असं नाही. शेवटच्या अर्ध्या तासात, लोक टेबलं आवरत असताना, बुटांच्या खोक्याच्या तळाशी मला एक लाल दुमजली लंडन बस सापडली. रंग कडांवर उडालेला, बाजूचं डिकल, म्हणजे चिकटवलेलं चित्र, अर्धं गेलेलं, चाकं राखाडी प्लॅस्टिकची. तळावर 'मॅचबॉक्स' असं कुठंच नाही, म्हणून ती तिथं पडून राहिली असावी. तिथं होतं 'लेस्नी' आणि 'मेड इन इंग्लंड'. लेस्नी हीच मॅचबॉक्स बनवणारी कंपनी, १९४७ मध्ये लेस्ली आणि रॉडनी या दोन स्मिथांनी काढलेली. दोघांचं नातं काही नव्हतं, आडनाव तेवढं एक. त्यांच्या नावांचेच तुकडे जोडून ते नाव झालं. चाकांच्या आसाची टोकं दाबून चपटी केलेली होती, तीही जुन्या वळणाची. गोल डोक्याचे आस मागाहून आले.

परतीच्या वाटेवर छोटूनं विचारलं, "पण मॅचबॉक्स हे नाव कशावरून?" काकांना तर हेच हवं असतं. कंपनीतल्या जॅक ओडेलची मुलगी. तिच्या शाळेत काडेपेटीत मावेल तेवढंच खेळणं न्यायची परवानगी. म्हणून बापानं तिला इवलासा रोडरोलर करून दिला, आणि १९५३ मध्ये त्यातून गाड्यांची मालिका सुरू झाली.

पुढच्या सीटवरून काडेपेटीवाले दादा वळले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं काम निघालं होतं. त्यांनी दिवसभरात मिळवलेली एक रिकामी पेटी जपून पुढे केली. छोटूनं आतला खण बाहेर ओढला, बस त्यात ठेवली आणि पेटी ढकलली. खालचा मजला आत गेला. वरच्या मजल्यापाशी पेटी अडली.

"म्हणजे ही शाळेत चालली नसती," छोटू म्हणाला.

"पेटीला ओरखडा पाडू नकोस," दादा म्हणाले.